अवजडचा एकच सूर

आमचा धाकटा गिटार वाजवायचा असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, "कोणती गाणी?" इथे माझी पंचाईत होते. गाणी नव्हतीच. एक सूर होता. तो सुरू झाला की ठाण मांडून बसायचा, नको असलेल्या पाहुण्यासारखा. बऱ्याच वेळाने दुसरा सूर यायचा, आणि तेव्हा धाकट्याचा मित्र ड्रम हाणायचा. एकदाच! मधल्या वेळात हा मित्र बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा, मी या डोळ्यांनी पाहिलंय. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे त्याला आख्खी गल्ली बॅटरी म्हणायची. दोघांच्या बँडचं नाव होतं 'अवजड'. या प्रकाराला ड्रोन मेटल म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याला 'तुमचं ते घरघरणं' म्हणायचे.

मी स्वतः ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर लोकांच्या शेजारी बसून "क्लच सोडा, हळू सोडा, अहो, हळू म्हणजे हळू!" असं ओरडत असते. मला धीर कमी आहे, ते मला ठाऊक आहे, कुणी सांगायची गरज नाही. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढचा जरा रेंगाळला तरी माझं डोकं फिरतं. अशा बाईच्या सख्ख्या भावाने असलं संगीत वाजवावं म्हणजे कमालच. पण ते आलं कुठून हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. धाकटा कबूल करत नव्हता, एवढंच.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होते. तीन मोठे पंप, आणि आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर पंपघराला चिकटून. आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि पंपघराची भिंत एकच. पंप रात्रंदिवस चालायचे. आवाज यायचा असं म्हणवत नाही, आम्ही त्या आवाजात राहायचो. बादलीतल्या पाण्यावर कायम बारीक वलयं. फळीवरचे कप एकमेकांना टेकून किणकिणायचे, आणि एखादा सरकत सरकत पार कडेला यायचा. जाता-येता तो आत ढकलायची सवय हाताला इतकी लागली की मी आजही दुसऱ्यांच्या घरी कप आत ढकलते. त्यांना वाटतं, बाईला काहीतरी झालंय.

घरात सगळे ओरडून बोलायचे. आई "जरा मीठ दे" असं म्हणाली तरी नवख्याला वाटावं, भांडण पेटलं. शाळेत बाईंनी मला विचारलं होतं, "तुझ्या घशात भोंगा बसवलाय का गं?" आणि झोप! तशी झोप पुन्हा या जन्मात लागली नाही. गादीतून, उशीतून तो सूर अंगात चढायचा आणि आम्ही दोघं भावंडं दगडासारखी पडायचो. वीज जाऊन पंप बंद पडले की मात्र टक्क जागे. धाकटा तर भोकाडच पसरायचा. आई त्याला थोपटताना ओठ मिटून 'हंऽऽ' असा आवाज काढायची, तेव्हा कुठे गप्प व्हायचा.

बाबांचा डबा घेऊन मी पंपघरात जायचे. आत बोलून उपयोग नसायचा, म्हणून तिथली माणसं हातांनीच बरंचसं बोलायची. पाळी बदलतानाची तर एक ठरलेली रीत होती. सुटणाऱ्या ऑपरेटरने चालत्या पंपाच्या अंगावर तळवा ठेवायचा. येणाऱ्याने त्याच्या शेजारी आपला तळवा ठेवायचा. पंपाची काय कुरकुर असेल ती हाताला कळायची, वर सुटणारा कानाशी ओरडून सांगायचा. मग येणारा म्हणायचा, "घेतला!" हा शब्द ऐकल्याशिवाय सुटणाऱ्याने हात उचलायचा नाही, मग कितीही उशीर होवो. असा नियम कुणी लावून दिला नव्हता, पण बाबांनी तो कधी मोडला नाही. धाकट्याच्या वेळी आई इस्पितळात कळा देत होती आणि बाबा पंपापाशी उभे, कारण पुढच्या पाळीचा माणूस आला नव्हता. आईने त्यावरून त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

"मी मेले असते तरी तुमचा हात उचलला नसता!"

"अगं, पण सोडणार कुणावर?" बाबांचं उत्तर कायम तेच.

धाकटा कॉलेजात गेला त्या वर्षी आम्ही स्वतःच्या घरात आलो. छान घर, दुसरा मजला, खाली गॅरेज. आणि शांत. इतकं शांत की आमचे चौघांचेही डोळे रात्रभर सताड उघडे. आई म्हणाली, "हे काय बाई, कानात कापूस कोंबल्यासारखं!" धाकट्याने त्याच सुमारास कुठून तरी गिटार आणली, तिच्या तारा पार लोंबेपर्यंत ढिल्या केल्या, आणि बंद पडलेल्या एका नाचाच्या हॉलमधले, आवाज मोठा करणारे दोन अॅम्प गॅरेजमध्ये आणून उभे केले. कपाटाएवढे, काळे. बॅटरीने ड्रम आणला. पहिल्याच दिवशी मी खाली जाऊन स्टुलावर बसले. गिटार घरघरत होती, बॅटरी कांडी हवेत धरून उभा होता.

मी बराच वेळ कळ काढली. शेवटी म्हटलं, "अरे, सुरू कधी करणार?"

"ताई, सुरू होऊन दहा मिनिटं झाली."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण मग उठवेना. चप्पल काढून पाय जमिनीवर टेकले होते, आणि तळव्यांतून काहीतरी वर चढत होतं. पोटऱ्या, गुडघे, मग बरगड्या. दात एकमेकांना लागून किंचित थरथरत होते. मी कानांनी ऐकायचं सोडून दिलं तसं जास्त ऐकू यायला लागलं. एकच वाटणारा तो सूर आतून हलत होता, त्याच्या पोटात दुसरा बारीक सूर होता, तो पुढे यायचा, मागे जायचा. कोपऱ्यातल्या फळीवर रंगाचा एक डबा होता. तो सरकत कडेला आला, आणि माझा हात आपोआप उठला.

"अरे, हा तर पंप!" मी ओरडले.

धाकटा असा चिडला! "ताई, प्लीज. याचा पंपाशी काडीचाही संबंध नाही. हे संगीत आहे."

"बरं बाबा, संगीत," मी म्हटलं आणि डबा आत ढकलला.

त्यांचा कार्यक्रम एकदाच झाला. जुन्या गोदामाचा एक हॉल होता, तिथे. ऐकायला जेमतेम डझनभर माणसं, त्यात घरचे आम्ही तिघं. आई कानात बोटं घालून पहिल्या रांगेत, मुलाचं कौतुक म्हणून. बाबा ड्युटीवरून थेट आले होते, तसेच निळ्या गणवेशात मागे भिंतीला टेकून उभे. शेवटी धाकट्याने त्याचं ठेवणीतलं काढलं. गिटार अॅम्पला टेकवून ठेवली आणि हात सोडून बाजूला झाला. गिटार आपली आपणच वाजत राहिली! अॅम्पचा आवाज तारांना हलवतो, तारा पुन्हा अॅम्पला, असं ते चक्र. सूर फुगत गेला, आणि मग त्याच्यावर एक बारीक शिट्टी चढायला लागली. धाकट्याने डोळे मिटले. त्याला ती शिट्टीच हवी होती.

बाबांना मात्र ती शिट्टी म्हणजे बेअरिंग जळायच्या बेतात आलंय, एवढंच ठाऊक. ते सरळ चालत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

अंधार. चिडीचूप. असं वाटलं की कुणीतरी पायाखालची जमीन काढून घेतली. आणि मग टाळ्या! दारातून येणाऱ्या अंधुक उजेडात लोक उठून उभे राहिलेले दिसले, एक लांब केसांचा मनुष्य तर चक्क रडत होता. बॅटरी अंधारात धडपडत बाबांकडे आला. "काका, काय शेवट केलात! आम्हाला सुचलाच नसता!"

बाबा घाम पुसत म्हणाले, "वाचला रे. अजून अर्धं मिनिट, आणि गेला असता."

मी आणि आई हसून हसून बेजार. धाकट्याला मात्र ते फार लागलं. त्याने बाबांशी कितीतरी दिवस बोलणं टाकलं. नंतर बोलायला लागला, पण अवजड काही पुन्हा वाजलं नाही. त्याला परगावी नोकरी लागली. बॅटरीने, काय बोलावं, चष्म्याचं दुकान टाकलं. अॅम्प त्याच्याच दुकानामागच्या खोलीत जाऊन पडले.

मग आई गेली. आणि बाबांची नोकरी संपली, तीही अशी. स्टेशन ऑटोमॅटिक झालं. लांबच्या कुठल्या तरी ऑफिसातून कळा दाबून पंप चालणार, माणूस नको. शेवटच्या पाळीला मी गाडी घेऊन त्यांना आणायला गेले होते. पंप बदलायचे म्हणून जुने तिन्ही बंद केलेले, आणि बाबा एकटे दोन नंबरच्या अंगावर हात ठेवून उभे. मी दारातून म्हटलं, "बाबा, चला." खूप वेळाने आले. वाटेत सारखे मागे वळून बघत होते. मला वाटलं, वाईट वाटणारच.

गेली काही वर्षं बाबा माझ्याकडे असतात. ऐकू जवळजवळ येत नाही, उभं आयुष्य पंपांपाशी गेलं, त्याची ती वसुली. हल्ली आठवणही दगा देते. तेही चाललं असतं हो, पण झोप गेली. म्हणजे आडवेच होईनात. बूट घालून, नाडी बांधून खुर्चीच्या टोकावर बसायचे, दाराकडे तोंड करून. पलंगावर निजवलं तर बूट काढू द्यायचे नाहीत, आणि पाठ वळली की पुन्हा खुर्चीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग जास्त दिल्या. त्या गुंगीत बाबा पडले, कपाळाला खोक पडली. माझे तर नाकी नऊ आले होते. एकदा भर रस्त्यात शिकाऊ मुलीच्या शेजारी बसल्या बसल्या मलाच डुलकी लागली. तिने नेमका तेव्हा ब्रेक लावला म्हणून वाचलो.

शेवटी मी हात टेकले. वृद्धाश्रमात एक खोली पाहून ठेवली. चांगली माणसं होती, उगाच का नावं ठेवू. पण तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, "रात्री असे उठून बसणारे असतील तर पलंगाला कठडे लावतो आम्ही." कठडे. माझ्या बाबांना! सोमवारी न्यायचं ठरलं. मी धाकट्याला फोन केला आणि फोनवरच रडले. मी सहसा रडत नाही, म्हणून तो घाबरला.

"ताई, मी रविवारी येतो," तो म्हणाला. "अॅम्प घेऊन येतो."

"डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"अगं, आपल्याला त्याच आवाजात झोप लागायची ना? मग त्यांनाही लागेल."

"म्हणजे तो पंपच होता?"

"होय माझे आई, पंपच होता!"

इतक्या वर्षांनी कबूल झाला, पण तेव्हा त्याची गंमत वाटायच्या मनःस्थितीत मी नव्हते. मात्र त्याचं म्हणणं पटलं. बाबांना झोप लागली तर कोण कशाला नेतंय त्यांना कुठे? ती एकच आशा होती.

रविवारी दुपारी बॅटरीने आणि धाकट्याने एक अॅम्प जिन्यावरून वर चढवला. दोघंही आता पोट सुटलेले, धापा टाकणारे. बॅटरीने ड्रम नाही आणला. "पाठ धरते," म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी आधीच सांगून आले होते की आज जरा आवाज होईल. त्या म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा मोठा?" घ्या!

बाबा खुर्चीत, बूट घालून. अॅम्प त्यांच्यासमोर हातभर अंतरावर. धाकट्याने गिटारीला तशीच ढिली तार लावली, आणि तो सूर सोडला.

सुरुवातीला मला नेहमीसारखा राग आला. पुढे काय, पुढे काय, असं आतून कुणीतरी ढोसत होतं. पुढे काहीच नव्हतं. तोच सूर. मग तळवे जागे झाले. खिडकीची काच बोलायला लागली. बॅटरीसमोरच्या कपातल्या चहावर वलयं उठली, तीच, बादलीतली. मी भिंतीला डोकं टेकलं आणि ती भिंत आमच्या स्वयंपाकघराची झाली. आई पलीकडून ओरडतेय की दूध उतू जातंय, कुणी बघेल का. धाकटा लाळ गाळत माझ्या दंडावर झोपलाय, दंडाला मुंग्या आल्यात, पण हलवायचा नाही. पलीकडे पंप चालू आहेत म्हणजे बाबा आहेत. ते आहेत म्हणजे सगळं आहे. किती वर्षांनी मला तसं निर्धास्त वाटलं! डोळे कधी मिटले कळलंच नाही.

धाकट्याने मला हलवलं. त्याचा चेहरा उतरला होता. गिटार अॅम्पला टेकलेली, आपली आपण वाजत होती. "ताई, उलटंच झालं गं," तो ओरडला. "बघ."

बाबा खुर्चीतून उठले होते. अॅम्पच्या अंगावर तळवा ठेवून ताठ उभे. डोळे लख्ख. इतके जागे मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. झोपेचं नावच नको. मला एकदम रडू कोसळलं. संपलं, म्हटलं. उद्या कठडे.

"बंद करतो," म्हणत धाकटा बटणाकडे वाकला.

आणि त्या क्षणी बाबांनी दाराकडे पाहिलं. मी तो चेहरा ओळखला. डबा घेऊन गेल्यावर दिसायचा तो. पुढचा माणूस अजून आला नाही, म्हणजे उभं राहायचं, असा. अरे देवा! त्या आवाजात झोपायचो ती आम्ही पोरं. बाबा तर त्या आवाजात जागेच असायचे, म्हणून तर आम्ही झोपायचो. आणि शेवटच्या पाळीला त्यांच्याकडून कुणी घेतलंच नव्हतं. कुणी येणारच नव्हतं. त्या दिवसापासून बाबा ड्युटीवर होते.

"हात लावू नकोस!" मी अशी ओरडले की बॅटरीचा कप कलंडला. "चालू राहू दे."

मी बाबांपाशी गेले. अॅम्पच्या थरथरत्या अंगावर, त्यांच्या तळव्याशेजारी माझा तळवा ठेवला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला ओळखलं का, माहीत नाही.

"फार उशीर केला," ते म्हणाले.

"हो. झाला उशीर."

ते माझ्या कानाशी वाकले आणि पूर्वीसारखे ओरडून म्हणाले, "दोन नंबर कुरकुरतोय! त्याला ताण देऊ नका! म्हातारा झालाय!"

"बरं."

ते थांबले होते. माझ्या ओठांकडे बघत.

"घेतला," मी म्हटलं.

बाबांनी हात लगेच नाही उचलला. आधी माझी बोटं दाबून नीट टेकली आहेत ना ते पाहिलं. मग उचलला. अंगठ्याने तळवा चोळत पलंगापर्यंत गेले, बसले, वाकून स्वतः नाड्या सोडल्या, आणि बूट पलंगाखाली जोडीने ठेवले. आम्ही तिघं नुसते बघत होतो. आडवे झाले, भिंतीकडे तोंड केलं, आणि थोड्याच वेळात त्यांचं घोरणं सुरू झालं, त्या सुराच्या खाली, त्याच्याच पट्टीत. बॅटरी चष्मा काढून पुसत बसला. माझ्याकडे बघेना.

मी हात ठेवून तशीच उभी. काढावा कसा? वेडेपणा आहे, कळत होतं मला. साधा अॅम्प तो. पण हात उचलेना. खांदा भरून आला. कितीतरी वर्षं मी तशीच उभी आहे असं वाटत होतं.

धाकटा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने आपला तळवा माझ्या तळव्याशेजारी ठेवला.

"उद्या त्या लोकांना मी फोन करून नको म्हणून सांगतो," तो कानाशी ओरडला. "आणि बाबा काही दिवस माझ्याकडे. मग तुझ्याकडे. मग माझ्याकडे."

"सकाळी फार लवकर उठतात," मी ओरडले. माझा आवाज फाटत होता. "चहा बशीत ओतून दे, कप हातात थरथरतो. आणि अंधारात एकटं नाही सोडायचं."

"ताई, घेतला," धाकटा म्हणाला.

मी हात उचलला. आत गेले, पलंगावर पडले, आणि भिंतीपलीकडच्या त्या सुरात दगडासारखी झोपले.